टाकी खाली पाहिजे

पुतळाबाई लेकीकडे जायला निघाली तेव्हा तिनं नवऱ्याला एकच अट घातली. तिचा जावई गोकुळ साक्रीहून जीप घेऊन आला होता. मागच्या सीटवर मोडलेला पाय लांब करून, उशीला टेकून ती बसली होती. माझा निरोप घ्यायचा म्हणून तिनं जीप आमच्या इमारतीच्या फाटकाशी थांबवायला लावली होती. झिपरू, तिचा नवरा, खिडकीच्या काचेवर हात ठेवून उभा होता.

"ती पाण्याची ट्राली दारात दिसली तर मी पाय ठेवणार नाही," ती त्याला म्हणाली. "जवळ माणूस बसवता येईल अशी आणा. मग बोलवा."

"आणतो."

"त्याच ट्रालीला रंग मारून दाखवाल."

"नाही व. नवी आणतो. होळीच्या आत आणतो."

"बाई, तुम्ही साक्षीला आहात," ती मला म्हणाली आणि लगेच जावयाकडे वळली, "चल रे बाबा. नाहीतर हे इथंच रडतील."

झिपरू रडला नाही. जीप सामरवरणीच्या नाक्यावर वळून दिसेनाशी झाली तरी तो रस्त्यात उभा होता. मागून टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून शिवी दिली तेव्हा बाजूला झाला.

त्या दोघांचं आपसातलं बोलणं अहिराणीत चाले. ऐकून ऐकून मला ते समजतं, लिहिता मात्र येत नाही. म्हणून त्यांचं बोलणं बहुतेक ठिकाणी मी माझ्याच मराठीत उतरवते आहे. बाईमाणसाला हाक मारताना लावतात ते झिपरूचं 'व' तेवढं ठेवलं आहे.

झिपरू हे त्याचं आधार कार्डावरचंही नाव. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून शाळेत घालेपर्यंत आईनं त्याच्या केसांना कात्री लावू दिली नव्हती. त्या झिपऱ्यांवरून पडलेलं नाव तसंच राहिलं. आता डोक्यावर मोजके केस उरले आहेत. पुतळाबाई म्हणायची, "नाव बदला आता, लोक फसतात."

तरुणपणी तो साक्री तालुक्यातून इकडे, गुजराती बोलणाऱ्या मुलखात आला आणि सायलीच्या एका सूत कारखान्यात लागला. पुढे कारखान्यानं माणसं कमी केली. हातात आलेल्या पैशांत त्यानं जुना ट्रॅक्टर घेतला. किलवणीकडची शेतं नांगरायची असा विचार होता. पण तेव्हाच आमच्या बाजूला इमारती उठायला लागल्या, आणि जिकडेतिकडे पाणी हवं झालं. बांधकामाला पाणी, मजुरांना पाणी, मग राहायला आलेल्या आमच्यासारख्यांना पाणी. उन्हाळ्यात आमच्या इमारतीची बोअर निम्मी गाळ ओकते. झिपरूनं शेतमालाची दोन चाकांची जुनी ट्राली घेतली, तिच्यावर लोखंडी टाकी चढवली, आणि नांगर घरामागे ठेवून दिला.

तेव्हापासून पुतळाबाई त्याच्याबरोबर. तो गाडी चालवायचा आणि ती डाव्या मडगार्डवर, घडी घातलेल्या गोधडीवर बसलेली असायची. गाडी लागली की तो आरोळी द्यायचा, "सोड व!" ती मागे जाऊन टाकीचा वाल सोडायची. पाणी पडेपर्यंत दोघं भांडत. भाजीत मीठ जास्त पडलं इथपासून लेकीच्या, चंदाच्या लग्नात कोणाला बोलवायचं राहिलं इथपर्यंत कुठलाही विषय चाले. आमचे हे असताना आम्ही दोघं खिडकीत उभं राहून ऐकत असू. हे गेल्यावर मी एकटी ऐकत असे. उन्हाळ्यात माझ्या घरात दिवसभरात तेवढाच बोलण्याचा आवाज येई.

अपघात झाला तो अर्ध्या टाकीमुळे. त्या दिवशी आमच्याकडे अर्धी टाकी रिकामी करून उरलेलं पाणी किलवणीच्या एका बांधकामावर न्यायचं होतं. तिथला रस्ता कच्चा आणि चढाचा. वजन निम्मं झालं, आता गाडी सहज चढेल, असं दोघांनाही वाटलं. पण चढावर सगळं पाणी टाकीत मागच्या बाजूला धावलं. दोन चाकांवरची ट्राली मागून दबली आणि पुढून उचलली गेली. ट्रालीचा दांडा वर ओढू लागला तशी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची जमिनीवरची पकड सुटली. ट्रॅक्टर आडवा होत मागे घसरला. झिपरूनं ब्रेक दाबून धरला. पुतळाबाईला धरायला काही नव्हतं. ती पडली आणि मांडीचं हाड मोडलं. ट्राली तिच्यापासून हातभर अंतरावर नाल्यात कलली, म्हणून ती वाचली.

ती साक्रीला गेल्यावर काही दिवस झिपरूनं तीच ट्राली ओढली. आमच्या फाटकात थांबला की सवयीनं त्याच्या तोंडून "सोड व!" निघायचं, मग तो स्वतःच उतरायचा. वॉचमन हसायचा. पुढे एका रविवारी त्यानं ती ट्राली भंगारवाल्याकडे नेऊन स्वतःसमोर कापून घेतली.

"विकली असती तर चार पैसे जास्त आले असते," मी म्हटलं.

"मग दुसऱ्या कोणाची बायको पडली असती, मावशी."

नवी निवडायची तर मी बरोबर यावं, असा त्याचा हट्ट. मला ट्रालीतलं काय कळतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मला कळतं ते मी बघीन. पुतळा काय बघंल, ते तुम्ही बघा."

म्हणून चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी पाण्याच्या ट्राल्या बघत फिरले. पहिली बघितली ती नवनाथची. नवनाथ मूळचा येवल्याचा, इथं बांधकामाची ठेकेदारी करतो. त्याच्याकडे वापरलेली, दोन चाकांची, तयार टाकी होती. हिरवा रंग इतका ताजा होता की बोटाला लागला.

मी भोवती फिरले. ट्रॅक्टरला जोडायच्या खिळीला तार गुंडाळलेली होती. टाकीच्या पायाशी रंगाखाली एक रेघ दिसत होती. मी नखानं खरवडलं तर जोड तडकलेला निघाला. टाकीच्या खाली नुसत्या आडव्या पट्ट्या होत्या आणि चाकं त्याच्याही खाली. पुतळाबाई शेजारी उभी राहिली असती तर टाकीचा तळ तिच्या कपाळाला आला असता.

"मावशी, किती बघताय?" नवनाथ म्हणाला. "पाणी न्यायचंय, नवरी नाही न्यायची."

"नवरीच न्यायची आहे," झिपरू म्हणाला.

नवनाथ हसत सुटला. "या वयात? काकूला ठाऊक आहे का?"

"तिलाच न्यायचंय रे. तीच येत नाही."

ती ट्राली आम्ही सोडली. दुसऱ्या एकाकडे सपाट ट्रालीवर प्लॅस्टिकच्या काळ्या टाक्या दोरानं बांधलेल्या होत्या. झिपरूनं दोर ओढून पाहिला आणि परत निघाला. मला विचारायचीही गरज पडली नाही.

मग मीच त्याला विश्वनाथरावांकडे नेलं. ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. नाशिकचे इंजिनीयर, सायलीच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल त्यांच्याकडे आहे. त्यांनी पार्किंगच्या फरशीवर खडूनं ट्राली काढून दाखवली. चाकं चार हवीत, म्हणजे पाणी मागेपुढे धावलं तरी दांडा उचलणार नाही. ट्रालीला स्वतःचे ब्रेक हवेत. खिळीबरोबर साखळी हवी, म्हणजे खीळ निसटली तरी ट्राली सुटणार नाही. टाकीच्या आत भोकं असलेल्या पत्र्याच्या आडव्या भिंती हव्यात, म्हणजे अर्ध्या टाकीतलं पाणी एकदम एका टोकाला जाणार नाही. टाकी ट्रॅक्टरला झेपेल एवढीच हवी, लोभानं मोठी नको. आणि टाकी चाकांच्या मध्ये, जमिनीजवळ बसवायची.

"एवढं लक्षात ठेव, झिपरू," ते उठता उठता म्हणाले. "टाकी जितकी खाली, तितकी चांगली."

झिपरूनं ते वाक्य पाठ केलं. जाताना तो ते पुटपुटत होता. सायलीच्या रस्त्यावर धनसुखभाई मिस्त्रीचं ट्राल्या बनवायचं वर्कशॉप आहे. झिपरू इथं इतकी वर्षं राहिलेला, धनसुखभाईशी गुजरातीत गप्पा मारणारा माणूस. पण साहेबांचे शब्द आपण बदलायचे नाहीत, अशी त्याची समजूत. त्यानं फोनवर आवाज रेकॉर्ड करून निरोप पाठवला, गुजराती आणि हिंदी मिसळून: चार चाकं, ब्रेक, साखळी, टाकीच्या आत भिंती. आणि शेवटी विश्वनाथरावांचं वाक्य, जसंच्या तसं, मराठीत.

काम चालू असताना तो रोज संध्याकाळी पुतळाबाईला फोन करायचा. आमच्या फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून करायचा, कारण खोलीत रेंज येत नाही असं त्याचं म्हणणं. मला वाटतं, खोलीत बसवत नव्हतं. पलीकडे चंदाचं घर भरलेलं. सासू, दीर, जावा, त्यांची मुलं. फोनमधून त्या सगळ्यांचा कालवा ऐकू यायचा. पुतळाबाई मध्येच कोणाला तरी ओरडायची, मग याच्याशी बोलायची.

"जेवलात?"

"जेवलो."

"काय?"

"खिचडी."

"कालही खिचडीच होती."

"कालची वेगळी होती."

मग ती ट्रालीचं विचारायची. चाकं चार आहेत हे तिनं पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. होळी जवळ आली तेव्हा धनसुखभाईचा निरोप आला, गाडी तयार आहे, रंगसुद्धा झाला. त्या संध्याकाळी झिपरूनं फोनवर सांगितलं, "ये. गोकुळला सांग, रविवारी आणून सोड." पलीकडून चंदाचा आवाज आला, "आई आत्ताच पिशवी भरायला लागली!" झिपरू फोन ठेवून हसत बसला. मग दुकानात जाऊन नवा स्टोव्ह घेऊन आला. जुन्याचा वास तिला सहन होत नसे.

शुक्रवारी आम्ही ट्राली बघायला गेलो. धनसुखभाई वर्कशॉपच्या दारातच उभे होते.

"आवो आवो, झिपरूभाई! जुओ तमारी राणी!"

ट्राली निळीभोर होती. चार चाकं होती, नवे टायर होते, ब्रेकची नळी होती, साखळी होती. आणि त्यावर, चाकांच्याही वर, उंच लोखंडी घोडीवर चढवलेली एक प्रचंड टाकी. जुनीच्या जवळजवळ दुप्पट. मान मागे टाकून बघावी लागत होती.

झिपरूनं वाकून टाकीच्या खालून बघितलं. मग म्हणाला, "धनसुखभाई, ही वर का बसवली?"

"मोटी छे ने, नीचे केम बेसे?"

"मोठी का केली?"

"अरे, तुम ही तो बोला!" धनसुखभाईंनी हिंदी धरली आणि कपाळाला हात लावला. "टाकी जितकी खाली, तितकी चांगली. बोला के नहीं? मेरे पास तुम्हारी आवाज पडी है. मैं सोचा, झिपरूभाई का एक्सिडन्ट हुआ है, अब डरता है, टाकी भरेगा नहीं, खाली रखेगा. तो आधी खाली रहे तो भी तुम्हारा पूरा पानी आना चाहिए. इसलिए डबल बनाया."

"आणि आतल्या भिंती?"

"खाली टांकी में दीवार किसलिए?"

झिपरूनं डोळे मिटले. "धनसुखभाई, खाली म्हणजे नीचे. मराठीत खाली म्हणजे नीचे!"

"तो नीचे बोलवुं जोईए ने, भाई!"

वेल्डिंग करणारे दोघं काम थांबवून हसायला लागले. धनसुखभाईही हसले, आणि मलाही हसू आलं. झिपरूनं हसायचा प्रयत्न केला. मग तो ट्रालीभोवती फिरला. टाकीवर मूठ मारली, आतून पोकळ आवाज बराच वेळ घुमत राहिला. ती अर्धी भरली तर उंचावर केवढं पाणी मोकळं हिंदकळत राहील, हे मला सांगावं लागत नव्हतं. त्यालाही नाही. ज्यानं पुतळाबाईला पाडलं, तेच पाणी आता आणखी वर चढवून ठेवलेलं होतं.

धनसुखभाईंचं हसू ओसरलं. ते चांगले गृहस्थ आहेत. म्हणाले, "ले जाओ अभी. सीझन चालू है. चोमासा में लाओ, टांकी बदल दूंगा. नहीं तो ये दूसरे को दूंगा और तुम्हारी नई बनाऊंगा. पण टेम लागशे. मार्च का सब माल कंपनीवालों का है."

झिपरू माझ्याकडे आला. हळू आवाजात म्हणाला, "मावशी, तिला कळंल का हो?"

मी पुन्हा एकदा बघितलं. चार चाकं होती. रंग होता. साखळी चकचकत होती. तिनं जे जे विचारलं होतं ते सगळं होतं.

"नाही कळणार," मी म्हटलं.

"मडगार्डवर बसंल ना ती?"

"तुझ्यावर विश्वास ठेवून बसेल."

तो एका टायरवर बसला. समोरून कारखान्याची बस गेली, मग दुसरी गेली. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि तिथंच, वेल्डिंगच्या आवाजात, पुतळाबाईला लावला. मोठ्यानं बोलावं लागत होतं, म्हणून सगळं सगळ्यांनी ऐकलं.

"रविवारी नको येऊ."

पलीकडून काय आलं ते कळलं नाही.

"ट्राली बरोबर नाही झाली. टाकी वर बसवलीय."

आता तिचा आवाज चढला. "मग खाली करा ना!"

धनसुखभाईंनी तोंडावर रुमाल धरला. झिपरू म्हणाला, "तेच करायचंय. वेळ लागंल."

"किती?"

"पावसाळा जाईल."

नीट ऐकू येईना म्हणून झिपरूनं फोन स्पीकरवर टाकला. मग ती म्हणाली, "मी पिशवी भरली होती. सगळ्यांना सांगितलं होतं. चंदाची सासू म्हणाली, विहीणबाई, नाही गेलात तरी चालेल, आता तुम्ही घरच्याच झालात. मी म्हटलं, नाही, माझं माणूस एकटं आहे." आणि मग, "तुम्हाला माझी अडचण व्हायला लागली का? लंगडी बाई नको झाली का?"

"काय बोलतेस व!"

"मग ट्राली दाराबाहेर लावा. मी तिच्याजवळ जात नाही. घरात बसते."

झिपरूला याचं उत्तर देता आलं असतं. तो हो म्हणाला असता तर ती रविवारी आली असती. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो म्हणाला, "तू बसशील घरात? आठ दिवस बसशील. नवव्या दिवशी म्हणशील, मीपण येते. मला तुला नाही म्हणता येत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

झिपरूनं धनसुखभाईंना सांगितलं, ही दुसऱ्याला द्या, पण भिंती घातल्याशिवाय देऊ नका. आणि माझी नवी बनवा. मग भिंतीवर कोळशानं जमिनीपासून आपल्या गुडघ्याइतक्या उंचीवर एक रेघ ओढली. "टाकीचा तळ इथं. नीचे. नीचे. नीचे."

तो उन्हाळा त्याचा वाईट गेला. ट्रालीच नव्हती. आमच्याकडे दुसऱ्या कोणाचा टँकर यायला लागला. घरामागचा नांगर गंज घासून काढून तो किलवणीला लोकांची शेतं नांगरायला जायचा. कधी कधी संध्याकाळी कट्ट्यावर यायचा. फोन लावायचा. पुतळाबाई बोलायची, पण पूर्वीसारखं नाही. जेवलात का, हो. बरं. चंदाला दिवस गेले होते, तिला सोडून येणं आता तसंही अवघड होतं. होळीनंतर तिनं ट्रालीचं नाव काढलं नाही, आणि त्यानंही नाही. फोन झाला की तो लगेच उठत नसे. मी वरून बघायची. अंधार पडून कट्टा दिसेनासा झाला की मी खिडकी लावून घ्यायची, आणि तो केव्हा गेला ते मला कळत नसे.

एकदा मी त्याला घरी जेवायला बोलावलं. संकोचानं दाराजवळच बसला. वरणभात जेवला. म्हणाला, "मावशी, तुम्हाला एकटीला स्वयंपाक करवतो?"

"भात करते. पुरतो."

"मलापण भातच करवतो," तो म्हणाला. "भाकरी एकट्याची करवत नाही."

पाऊस आला, राहिला, उतरला. नवरात्राच्या सुमारास धनसुखभाईंनी नवी ट्राली दिली. हीही निळीच. टाकी बुटकी आणि लांबट, चार चाकांच्या मध्ये बसलेली; एखादं जनावर रवंथ करत बसावं तशी. तळ बरोबर झिपरूच्या गुडघ्याला. वरचं झाकण उघडून त्यानं मला आतल्या भिंती दाखवल्या. टॉर्च टाकला तर भोकांमधून उजेड एकामागून एक ठिपक्यांसारखा पडत गेला.

"आज तिला दाखवतो," तो म्हणाला. "चंदाच्या फोनवर चित्र दिसतं. पण फोन कोण धरील?"

म्हणून मी रिक्षानं किलवणीच्या त्या चढाखाली गेले. चढ तसाच होता, नाल्याच्या कडेला गवत वाढलं होतं. झिपरूनं मुद्दाम टाकी अर्धीच भरून आणली होती. त्यानं फोन लावून माझ्या हातात दिला. पडद्यावर आधी कोणाचं तरी छप्पर दिसलं, मग चंदाचं मोठं झालेलं पोट, मग पुतळाबाई. ती जाड झाली होती. केस पांढरे झाले होते.

"बाई, बऱ्या आहात? कुठं उभ्या राहिलात उन्हात!" ती म्हणाली. मग लगेच, "चाक दाखवा."

मी चाक दाखवलं.

"दुसरीकडचं."

तेही दाखवलं.

"खीळ. साखळी कुठाय? त्यांना ओढून दाखवायला सांगा."

झिपरूनं साखळी ओढून दाखवली. तो गाडीखाली आडवा झाला आणि ब्रेकही दाखवला. ती एकेक बघत होती, कोर्टात पुरावा बघावा तशी. मागे मुलं ओरडत होती, तिनं त्यांना गप्प केलं.

"पाणी भरलंय?"

"अर्धं," झिपरू म्हणाला.

तिला समजलं. "ही जागा ती आहे का?"

"तीच."

झिपरू ट्रॅक्टरवर चढला. मी बाजूला झाले आणि फोन दोन्ही हातांनी धरला. ट्रॅक्टर चढाला लागला. आत पाणी हललं, ते मला ऐकू आलं. भिंतींवर आपटत, तुकड्यातुकड्यानं, कुठेही न धावता. दांडा हलला नाही. मागची चाकं माती धरून चालली होती. अर्ध्या चढावर, जिथं ती पडली होती, तिथं त्यानं गाडी मुद्दाम थांबवली, ब्रेकवर उभी केली, आणि दोन्ही हात वर करून मागे वळून बघितलं. गाडी जागची हलली नाही. मग त्यानं ती वर नेली, आणि पाठी घेत सावकाश खाली आणली.

फोनमध्ये पुतळाबाईचा चेहरा जवळ आला.

"तुम्हनं तोंड दखाडा," ती म्हणाली.

झिपरू उतरून आला. मी फोन त्याच्याकडे वळवला. त्याच्या मानेला ग्रीस लागलं होतं. त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं, त्यामुळे ते गालालाही लागलं.

"वाळलात," ती म्हणाली.

"खिचडी खातो."

"ट्राली चांगली आहे."

"चांगली आहे ना?"

"चांगली आहे. चंदाचं झालं की येते. बाळ दीड महिन्याचं झालं की गोकुळ सोडंल मला." ती थांबली. "पण टॅक्टरवर नाही बसणार मी."

"अगं, आता काही होत नाही. तू बघितलंस ना."

"बघितलं. तुमच्यासाठी बरं वाटलं. पण तुम्ही वर चढत होतात तर माझे इथं पाय लटपटत होते, खाटेवर बसून. ट्रालीचं नाही हो. मला आता ते होणार नाही."

"पायरी लावून घेतो. धरायला दांडा लावतो."

"पायरीचं नाही म्हणतेय मी."

झिपरूनं मान हलवली. फोनमध्ये ते दिसलं असेल. "बरं," तो म्हणाला. "घरी राहा. मी येत जाईन दुपारी जेवायला."

"कुठून येणार दुपारी? दुपारीच पाण्याची मागणी असते."

"येत जाईन."

"बरं," ती म्हणाली. तिकडे कोणीतरी तिला हाक मारली, आणि चित्र पुन्हा छपरावर गेलं आणि बंद झालं.

वरच्या बांधकामावरून एक मजूर पाणी कधी येतंय म्हणून ओरडत होता. झिपरूनं त्याला हातानं थांब म्हटलं. मला रस्त्यापर्यंत चालवत आणलं आणि रिक्षा थांबवली. मी आत बसल्यावर म्हणाला, "मावशी, ती येतेय."

"हो," मी म्हटलं. "ऐकलं मी."

"येतेय," तो पुन्हा म्हणाला.

रिक्षावाल्यानं गाडी सुरू केली. मी मागच्या फटीतून बघितलं. झिपरू ट्रॅक्टरवर चढला, मडगार्डवर कोणी बसायची वाट न बघता, आणि अर्धं पाणी घेऊन वर गेला.